शेफाली राजोपाध्ये नावाची बाई

डब्याचं झाकण फरशीवर पडलं, तीन-चार गिरक्या घेऊन आडवं झालं आणि दुपारची शांतता मोडली. ओट्यापाशी पाटावर वही घेऊन बसलेल्या उत्कर्षाने मान वर केली. मैत्री दप्तर पाठीला तसंच ठेवून उभी होती. हातात उघडा डबा, त्यात पोळीची गुंडाळी जशीच्या तशी.

शाळेतून येऊन तिला तास झाला होता आणि या तासात ती एक शब्द बोललेली नव्हती. एरवी चपला काढायच्या आधीच तिचं तोंड सुरू होई. आज पोरगी गप्प आहे, तेवढ्यात अंतरा पुरा होईल, असं म्हणत उत्कर्षाने तो तास लिहिण्यात घालवला होता. आता तिला त्या तासाचीच लाज वाटली.

"डबा का नाही खाल्लास गं?"

"खोटारड्या मुलीच्या शेजारी कुणी बसत नाही."

पलंगावर गवार मोडत बसलेल्या प्रेमलाबाईंचे हात थांबले. भंडारा सोडून खडकीच्या क्वार्टरमध्ये येऊन तीस वर्षं झाली, तरी सासूबाईंची बोली तिकडचीच होती. "कोन म्हनलं तुले खोटारडी?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. स्नेहसंमेलनात पहिलीच्या मुलींचा नाच होता, 'हळदीचं ऊन' या गाण्यावर. गेली दोन वर्षं पुण्यातल्या एकाही मंगल कार्यालयात ते गाणं वाजल्याशिवाय हळद लागलेली नाही. मैत्री वर्गात अभिमानाने म्हणाली, हे माझ्या आईने लिहिलंय. चैताली टीचरनी मोबाईलवर गाणं काढून पाहिलं. खाली लिहिलं होतं, 'गीत : शेफाली राजोपाध्ये'. टीचर काही दुष्ट नव्हत्या. त्या समजावून म्हणाल्या, "एखादी गोष्ट आवडली म्हणून ती आपल्या आईची होत नाही, बाळा. सगळ्यांना सॉरी म्हण."

"मग?"

"म्हटलं मी सॉरी," मैत्री म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

शेफाली राजोपाध्ये या नावाची बाई कुठेच नव्हती. सहा वर्षांपूर्वी, मैत्री पाच महिन्यांची असताना, उत्कर्षाचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं. काम कसं चाले, तर संगीतकार सौमित्र फोनवर चाल पाठवी. चालीत शब्द नसत. जागा भरायला तो 'चहा-पोहे, चहा-पोहे' असं काहीबाही गाई. त्या मापात उत्कर्षा कणीक मळता मळता शब्द बसवी आणि गाऊन परत पाठवी. त्या पहिल्या वेळी त्याने विचारलं होतं, "आडनाव रामटेकेच ठेवायचं का?" विचारण्याआधी तो किंचित थांबला होता. ते थांबणं उत्कर्षाच्या ओळखीचं होतं. कॉलेजात, दवाखान्यात, भाड्याची खोली बघताना ते तिने अनेकदा ऐकलेलं. तो पुढे काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "तुम्हाला वाटेल ते लावा, सर."

टोपणनाव घेऊन लिहिणारे पुष्कळ असतात. पण ते नाव त्यांचं त्यांनी निवडलेलं असतं. इथे एकोणीस गाण्यांच्या खाली बसलेली ती राजोपाध्ये बाई म्हणजे रामटेके दिसू नये म्हणून ओढलेला पडदा होता.

संध्याकाळी समाधान फॅक्टरीतून आला. बूट सोडता सोडता त्याने सगळं ऐकून घेतलं.

"वाघोलीचा फ्लॅट आठवतो ना?" तो म्हणाला. "चावी हातात द्यायची बाकी होती. आडनाव कळलं आणि मालकाचा पुतण्या अचानक लंडनहून राहायला आला. नाव लपवून का होईना, तुझं काम लोकांपर्यंत जातंय, उत्कर्षा. नाव लावलंस तर तेही बंद होईल."

"अहो, मी गप्प बसले ते मी सोसलं असतं. आज तिने सॉरी म्हटलं. माझ्याऐवजी."

प्रेमलाबाई पलंगावरून बोलल्या. "माह्या सासूले लिवता येत नोतं, म्हून ते अंगठा दे. तुले तं लिवता येते. मंग तू काहून अंगठा देते वं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीला शाळेत सोडून उत्कर्षा सदाशिव पेठेत गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा सौमित्रने स्टुडिओ केला होता. खालच्या मजल्यावर क्लास भरत असल्यामुळे जिन्यात सायकली आणि चपलांचा खच.

"ये. मुखडा पोचला, अंतऱ्याचा पत्ता नाही," सौमित्र म्हणाला. "डोहाळजेवणाचं गाणं आहे. त्या बाईचे नऊ महिने भरायच्या आत आलं तर बरं."

कोरसमध्ये गाणारी भाग्यश्री कोपऱ्यात चहा पीत होती. समोरच्या पडद्यावर शनिवारच्या सन्मान सोहळ्याची जाहिरात उघडी होती. तिच्यात भाग्यश्रीचा फोटो होता आणि खाली नाव, शेफाली राजोपाध्ये.

उत्कर्षाला ते समजायला एक क्षण लागला.

"आयोजकांना चेहरा हवा होता," सौमित्र म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. शाल, नारळ, नमस्कार."

"सर, मी नाव बदलायला आलेय."

"गाण्याचं?"

"गीतकाराचं. आधीच्या सगळ्या गाण्यांवर आणि या नव्यावर. उत्कर्षा रामटेके."

सौमित्रने हेडफोन मानेवर ओढले. "नाव तूच माझ्यावर सोडलं होतंस."

"हो. ती माझी चूक. सहा वर्षं चालू दिली, ती त्याहून मोठी."

"हे बघ, मी जातबित मानत नाही. तुझ्या डब्यातलं इथे बसून खाल्लंय मी."

"खाल्लंत ते लक्षात मात्र ठेवलंत."

भाग्यश्रीने कप खाली ठेवला. सौमित्रचा आवाज थोडा चढला. "हळदीची, पूजेची, डोहाळजेवणाची गाणी आहेत ही. लोक खालचं नाव बघतात. मी मानत नाही गं, मार्केट मानतं."

"मार्केटला माझं आडनाव कधी सांगून बघितलंत?"

"नाही."

"मग ते मानतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

खालच्या क्लासमधून पाढे म्हटल्यासारखा सूत्रांचा घोष वर येत होता. सौमित्रने उगाच एक बटण दाबलं आणि परत सोडलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं, आणि विचारून बघावं असंही त्याला कधी वाटलं नव्हतं. अशाच माणसांच्या खांद्यावर ही रूढी आजवर आरामात चालत आली आहे.

"शनिवार होऊन जाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "मग बघू."

"अंतरा लिहून झालाय, सर. पण माझ्या नावाशिवाय यापुढे एक ओळ मिळणार नाही."

"लिहिणारे पन्नास मिळतील. पुण्यात दर दुसऱ्या जिन्यात एक कवी राहतो."

"मिळतील की. त्यांना आडनाव विचारताना मध्ये थांबू नका, म्हणजे झालं."

ती अर्धा जिना उतरली तोवर भाग्यश्री मागून धावत आली. "ताई, मला सांगितलं होतं तुमची हरकत नाही म्हणून. मी नाही जाणार शनिवारी. पण तुमच्यासारखं तोंडावर बोलणं नाही जमायचं मला. ताप आलाय म्हणून कळवते."

उत्कर्षाला हसू आलं. "कळव. ताप तर ताप."

तिथून ती थेट शाळेत गेली. चैताली टीचरपुढे तिने वही उघडून ठेवली. 'हळदीचं ऊन'ची सहा पानं होती. खोडलेल्या ओळी, पिठाचे डाग, मधेच मैत्रीने लहानपणी मारलेल्या रेघोट्या. टीचर पानं उलटत गेल्या तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, रामटेके म्हणजे... नाही, म्हणजे मला असं म्हणायचं नव्हतं..."

"वाक्य पुरं नका करू, टीचर. माझ्या मुलीने सगळ्यांसमोर सॉरी म्हटलंय. तेवढं सगळ्यांसमोर परत घ्या."

टीचरनी ते परत घेतलं. चाळीस मुलांसमोर उभं राहून घेतलं, आणि मैत्रीला पुढे बोलावून गीतकाराचं नाव तिच्याकडून मोठ्याने म्हणून घेतलं. त्या दिवशी डबा रिकामा घरी आला.

शनिवारचा सोहळा शेफाली राजोपाध्येंच्या आजारपणामुळे त्यांच्याविनाच पार पडला. सौमित्रचा फोन आला नाही. रविवारी सकाळी उत्कर्षा खिडकीपाशी बसली आणि समाधानने मोबाईल धरला. मोबाईल धरायचं त्याने स्वतःहून ठरवलं होतं.

"मी उत्कर्षा समाधान रामटेके, राहणार खडकी," ती म्हणाली. "'हळदीचं ऊन' मी लिहिलंय. त्याच्या आधीची आणि नंतरची मिळून आणखी अठरा गाणीही." मग तिने ते गाणं स्वतःच्या साध्या आवाजात म्हटलं.

समाधानने तो व्हिडिओ लगेच नेटवर टाकला आणि तीन दिवसांत तो हजारोंनी पाहिला. कुणा अनोळखी बायकांनी आशीर्वाद दिले. कुणी लिहिलं, माझ्या मुलीच्या हळदीला हेच होतं, आज तुम्हाला पाहिलं. आणि मग दुसरे आले. आधी कळलं असतं तर वाजवलं नसतं. आता आमच्या कार्यातून हे गाणं बंद.

"ही असली कमेंट्स काढून टाकू का?" समाधानने विचारलं.

"राहू दे. लिहिणाऱ्यांची नावं आहेत त्यांच्यावर. वाचू देत सगळ्यांना." तिने वही ओढली आणि डोहाळजेवणाचा अंतरा नव्या पानावर स्वच्छ उतरवायला घेतला. गाणारी मिळेल, न मिळेल. भाग्यश्रीला विचारता येईल. नाहीतर ती स्वतः म्हणेल.

मैत्रीला नुकतीच जोडाक्षरं यायला लागली होती. दिसेल ते वाचायचा तिला नाद होता. आईच्या मांडीला टेकून ती मोबाईलवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत होती. "आम्ही... तर... या... गाण्यावर... नाचलो... होतो. आता... वाईट... वाटतं."

तिने ते पुन्हा एकदा वाचलं, आपलं काही चुकलं का ते बघायला. मग मान वर केली.

"आई, नाचताना त्यांना मजा आली होती ना? मग आता कशाचं वाईट वाटतंय?"