रविवारचं औषध

"पुढचे या," मामाजी म्हणाले आणि त्यांच्या हातातून वाटी सुटली.

दूध ओसरीभर पसरलं. मी फडकं आणायला वळले, तर मामाजी भिंतीला टेकून खाली सरकत होते. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला.

मामाजी, म्हणजे माझे सासरे पुंजाजी, बीबी गावाजवळच्या आमच्या खेड्यात दर रविवारी लकव्याचं औषध देत. वाडवडिलांपासून चालत आलेली मुळी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई झुंबरबाई, ती सहाणेवर उगाळायच्या आणि मामाजी दुधातून पाजायचे. आठवडाभर शेतात मान खाली घालून राबणारा हा माणूस रविवारी धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसला, की चांगला दोन बोटं उंच दिसायचा. मला त्यांचा तो थाट फार आवडायचा. "दवाखाना उघडला का मामाजी?" असं मी चिडवलं, की मिशीतल्या मिशीत हसायचे.

एक हट्ट मात्र जीव खायचा. उपकेंद्रातून मिळालेल्या बीपीच्या गोळ्या ते घेत नसत. औषध देणाऱ्यानं स्वतः औषध खाल्लं तर मुळीचा गुण जातो, असं त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं. मी बोलले की म्हणायचे, "मले काय झालं? मी तं ठणठणीत आहो."

ओसरीवर आठ-दहा माणसं होती. "वारं गेलं अंगावरून. पंखा बंद करा," एक म्हातारा म्हणाला. दुसऱ्यानं सहाणेकडे बोट दाखवलं. "उगाळेल हाय न बाई. त्यायचंच औषध त्यायले पाजा."

"तोंडात काही घालू नका," मी म्हणाले. उपकेंद्राच्या आशाताईंनी बायकांच्या बैठकीत सांगितलं होतं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलता येईना, की साडेचार तासांच्या आत मोठा दवाखाना गाठायचा, आणि पाणीसुद्धा पाजायचं नाही. पण सुनेचं कोण ऐकतं? सगळे आत्याबाईंकडे बघत होते.

आत्याबाईंनी हात पदराला पुसले. "चाळीस वर्सं मीच उगाळून राह्यली," त्या म्हणाल्या. "कोन उठलं, कोन नाई उठलं, मले सारं माहीत हाय. बाहेर जीप कोनाची हाय?"

जीप रुख्मिणीबाई नावाच्या पेशंटची होती. त्यांच्या मुलानं आईलाही परत आत बसवलं आणि गाडी वळवली. मामाजींनी मात्र चांगल्या हातानं दाराची चौकट धरली. औषध देणाराच दवाखान्यात गेला, तर ही ओसरी कायमची उठली, हे त्यांना तशा अवस्थेतही कळत होतं. आत्याबाईंनी त्यांचं एकेक बोट सोडवलं. "रागवा माह्यावर," त्या म्हणाल्या. "पन जित्ते राहून रागवा."

सातच्या सुमारास निघून नऊच्या आत जालना गाठलं. डॉक्टरांनी आधी मेंदूचा फोटो काढला. रक्तस्राव नव्हता, गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन वेळेत मिळालं.

शेजारच्या खाटेवर रुख्मिणीबाई होत्या. "यांना कधी झालं?" डॉक्टरांनी मुलाला विचारलं.

"गुरुवारी, साहेब."

"मग तीन दिवस काय करत होतात?"

"रविवारची वाट पाहत होतो." त्यानं मामाजींकडे बघून मान खाली घातली. "या बाबायचं औषध रविवारीच भेटते न."

आता त्या इंजेक्शनची वेळ टळली, गोळ्या आणि व्यायामावर जमेल तेवढं करू, असं डॉक्टर म्हणाले. मामाजींना बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मामाजींना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मलाही रडू आवरेना.

आज चार महिने झाले. पाय बराच सुधारला, हात अर्धामुर्धा, जीभ अजून जड. गोळी आता न सांगता घेतात. रविवारी मात्र उजाडायच्या आत काठी घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहतात. मी सोबत जाते.

गेल्या रविवारी एक गाडी थांबली. आत वाकड्या तोंडाची एक म्हातारी होती. तिचा मुलगा उतरून मामाजींच्या पाया पडला. "बाबा, औषध द्या."

मामाजींनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"माह्यापाशी... काई नाई, बेटा," ते म्हणाले. "जालना... लवकर."

त्याचा विश्वास बसेना. तो माझ्याकडे बघू लागला. मामाजींनी तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगितलं.

गाडी वळली. पुढची कुठली येते, ते बघत मामाजी तिथंच उभे राहिले.