आला तोच हुकूम

राजपाल ट्रक घेऊन गुजरातेत गेला आणि पेटीतून कळंबला परत आला. पेटी उघडू नका, असं सोबत आलेल्या माणसांनी सांगितलं. मयताच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाव्हणे पांगले, तरी त्याची आई भिमाबाई रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढायचीच. "पेटीत दुसरंच कुणी असंल," म्हणायची. राजपालच्या मुलीला, दीक्षाला, रडूही येत नव्हतं.

बाप जेवताना पोरीनं धडा मोठ्यानं वाचायचा, ही सवय राजपालनंच लावलेली. एमएचा पेपर तोंडावर आला होता, म्हणून आजही ती त्याच्या ताटासमोर बसून रशियाचा इतिहास वाचत होती. जमीनदारांच्या ताब्यातल्या शेतकऱ्यांना झारनं हुकूम काढून मोकळं केलं, पण फुकट जमीन काही मिळेना. तेव्हा गावोगाव लोक म्हणू लागले, हा हुकूम खोटा, खरा जमीनदारांनी दडवलाय.

"मग घावला का खरा?" भिमाबाईनं विचारलं.

दीक्षानं पुस्तक मिटलं. "न्हाय आजी. आला तोच खरा व्हता."

भिमाबाईनं राजपालच्या ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी दीक्षापुढं सरकवली.