एकचाकी

वैभवीने डावा पाय पेडलवरून उचलून टायरवर टेकवला, पण व्हॉलीबॉलच्या खांबाला धरलेला हात काही सुटेना.

"सोडतेयस ना?" विनायकने विचारलं.

"थांब बाबा, बॅलन्स येऊ दे."

"तोल म्हण."

"तोल म्हणजे वजन ना?"

"वजन वेगळं. तोल गेला की माणूस पडतो."

हे बोलायला नको होतं, हे त्याला बोलल्यावर कळलं. दिवाळीत तिचा तोल गेला तेव्हा मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं आणि पोरगी पुन्हा सायकलवर. सायकल तरी कसली, एक चाक, एक सीट, हँडलचा पत्ता नाही. आणि आता बाईसाहेबांना पेडलही नकोत, दोन्ही पायांनी थेट टायर ढकलत पुढे जायचं होतं. काल जेवताना तिच्या आईने, सुनीतीने, निर्वाणीचं सांगितलं होतं, आणखी एकदा पडली तर एकचाकी माळ्यावर. विनायकने मुकाट मान डोलावली होती. त्याला मनातून तेच हवं होतं, आणि वैभवीला ते ठाऊक होतं, याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

तिने खांब सोडला. दुसरा पाय टायरवर आला, चाक वीतभर सरकलं, आणि ती सीटवरून उठल्यासारखी झाली. चाक निसटलं. ती उडी मारून पायांवर उतरली.

"हे पडणं नाही," ती घाईने म्हणाली.

"नाही," विनायक म्हणाला.

पुढच्या खेपेला हात जमिनीला लागला. तिने मनगट पाठीमागे नेऊन चोळलं, ते त्याला दिसलं.

वसाहतीच्या गेटवरचा गार्ड खुर्ची सोडून जवळ आला. "साहब, बच्ची को लग जाएगी. अब बस कराइए."

"हाँ भैया, ये लास्ट है."

बाहेर असं सर्रास हिंदी, पण मुलीशी नाही, हा विनायकचा नेम होता. दिल्लीने तिचे निम्मे मराठी शब्द गिळले होते, उरलेले तो कंजुषासारखे राखत होता. ती हिंदीत बोलली तरी हा उत्तर मराठीतच देई. वैभवी एवढी मोठी झाली, पण हा नेम त्याने एकदाही मोडला नव्हता.

या वेळी ती पुढे गेली. माती संपून सिमेंटचा रस्ता लागला. तिथे पडली तर मनगटावर निभावणार नव्हतं. ती पुन्हा सीटवरून उठू लागली, हात हवेत भिरभिरू लागले, चाक डगमगलं. गेली सायकल माळ्यावर तर जाऊ दे, पोरगी धड राहू दे.

"बस!" तो ओरडला.

तोंडून निघालं ते हिंदी होतं. पुरे, थांब, उतर खाली.

वैभवी बसली. अधांतरी झालेलं अंग तिने सगळ्या भारानिशी सीटवर टाकलं. चाक सरळ झालं. पावलं टायरवर एकामागून एक पडत राहिली आणि ती थेट गेटपर्यंत गेली.

परत आली ती सायकल काखेत मारून, धापा टाकत.

"बाबा, तुला कसं कळलं? मी सारखी उभीच राहत होते यार. फक्त बसायचं होतं."

विनायकने तोंड उघडलं.

"साहब तो आपको रोक..." गार्डने सुरुवात केली.

"भैया, गेट पे गाड़ी आई है," विनायक म्हणाला. गेटवर कोणीही नव्हतं. गार्ड तरीही गेला.

"पुन्हा करते," वैभवी म्हणाली. "पण मी विसरते. तू मघासारखं सांग हं."

ती खांबाकडे गेली. वर बाल्कनीत सुनीती येऊन उभी राहिली होती. विनायकने तिकडे पाहायचं टाळलं. हात सुटला, पाय टायरवर आले, चाक सिमेंटवर चढलं. ती सीटवरून उठू लागली.

"बस," तो म्हणाला. मराठीत.