कुंडीतला रुबाब

अहो, थांबा जरा! मी रुबार्ब बोलतोय. हो, या कुंडीतूनच. नाव ऐकून कपाळाला आठ्या पडल्या ना? पडू द्या. मला वाढवणाऱ्या सासूबाईंनाही ते कधी धड म्हणता आलं नाही. त्या मला सरळ 'रुबाब' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं!

मी एक परदेशी भाजी, मूळचा थंडीचा गडी. गारठा पडला की मला चेव येतो, ऊन तापलं की मी मान टाकतो. मग या भट्टीसारख्या गावात आलो कसा? सुनेपायी. तीही माझ्यासारखीच, समुद्रापलीकडच्या थंड मुलखात वाढलेली. लग्न होऊन इथे आली आणि हळूहळू कोमेजायला लागली.

एकदा ती फोनवर बहिणीला म्हणाली, "सगळे चांगले आहेत गं, पण इथे माझं असं काहीच नाही. साधा रुबार्ब मिळत नाही. उन्हाळ्याच्या आत मी कायमची परत येते." दाराआड सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. हातातला टॉवेल हातातच राहिला. हे मला शेजारीणबाईंनी सांगितलं. त्यांच्यापासून काही लपत नाही!

सासूबाईंनी मुलाकडून गुपचूप बी मागवलं. "तिला सांगू नकोस हं. उगवलं नाही तर पोर आणखी हिरमुसेल." म्हणून मी वाढलो शेजारीणबाईंच्या बाल्कनीत, पाण्याच्या पिंपाच्या आडोशाला. माझी भावंडं ऑक्टोबरच्या उन्हाच्या एकाच झळीत गेली. मी एकटा तगलो. सासूबाई मधल्या बुटक्या भिंतीवरून वाकून मला फ्रिजमधलं पाणी घालायच्या. एकदा तर चक्क टेबलफॅन लावला.

"आई, मला कधी लावला नव्हतास गं पंखा!" मुलगा म्हणाला.

"तू कधी अशी मान टाकली नव्हतीस, रे."

थंडी आली आणि मी असा फोफावलो म्हणून सांगू! हाताच्या पंजाहून मोठी पानं, बोटभर जाड हिरवे देठ, बुडाशी जरा लाली. आणि एका सकाळी सासूबाईंनी भिंतीवरून हात घालून माझे बाहेरचे देठ पानांसकट ओढून घेतले. आज सुनेला चकित करायचं! मला कोण आनंद झाला! तिथून त्यांचा ओटा दिसायचा. मी टक लावून पाहत होतो.

आणि पाहतो तर काय! त्यांनी पालेभाजी निवडावी तसा मला निवडायला घेतला. पानं टोपलीत, देठ कचऱ्याच्या डब्यात! अहो, उलटं, सगळं उलटं! माझे देठ खातात, पानं विषारी असतात. पण मला तोंड कुठे आहे? पानं धुऊन झाली, सुरी हातात आली, कढईत तेल तापलं...

तेवढ्यात शेजारीणबाई पिशवी घेऊन बाजारातून आल्या. सवयीप्रमाणे आधी भिंतीवरून डोकावल्या. "वहिनी, आज काय बेत?" आणि पिशवी खाली टाकून ओरडल्या, "अहो, पानं नका चिरू! विष आहे ते! देठ खातात त्याचे, देठ!"

"देठ कुणी खातं का, बाई?"

"तुमच्या सुनेच्या माहेरी खातात! मीच विचारलं होतं तिला."

"तुम्ही काय काय विचारता हो लोकांना!"

"विचारते म्हणून वाचलात!"

आरडाओरडा ऐकून सून धावत आली. तिने आधी पानं पाहिली, मग डब्यात वाकून एक देठ उचलला. कितीतरी वेळ नुसता हुंगला. "आई... हा कुठून आला?"

सासूबाई अपराध्यासारख्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुझं काहीतरी इथे उगवावं म्हणून लावला गं. आणि मीच फेकून दिला बघ."

सुनेने देठ नळाखाली धुतला, साखरेत बुडवला आणि कचकन चावला. डोळे मिटले, तोंड वेडंवाकडं झालं, गालांवरून पाणी ओघळलं, आणि ती खदखदा हसायला लागली. दुसरा घास तिने सासूबाईंना भरवला.

"अगंबाई! किती आंबट! यासाठी जीव टाकत होतीस?"

"मला पण द्या की!" भिंतीपलीकडून हात आलाच.

आता मी सुनेच्या बाल्कनीत राहतो, राजरोस. ऊन तापायला लागलंय, माझी पानं दुपारी लोळतात. हा उन्हाळा मला झेपेलसं वाटत नाही. माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरात कुणी लांबून आलं असेल, तर त्याला काय आवडतं ते विचारा. आणि ते कसं खातात, तेही विचारा हो!

माझी काळजी नको. आज सकाळी मला पाणी घालताना सून सासूबाईंना म्हणाली, "आई, पुढचं बी थंडीच्या आधीच पेरू या. आणि या वेळी चार कुंड्या लावू." ऐकलंत? थंडीच्या आधी! म्हणजे तेव्हा ती इथेच असणार! आता खुशाल येऊ दे ऊन.