तीन तारे दिसेपर्यंत

शनिवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी माझं टोपण उघडलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोऱ्या कागदापासून बोटभर अंतरावर आलो. तिथेच सगळं अडलं. मी शाईचा पेन बोलतोय. निळा, सोनेरी पट्टीचा, आणि सध्या एका डबीत कोंडलेला.

कोंडून राहणं मला नवीन नाही. कारखान्यातून निघालो तो थेट दुकानाच्या काचेच्या कपाटात. चार वर्षं तिथे पडून होतो. शेजारी बंद पडलेलं घड्याळ, समोर रस्ता. माणसं काचेला नाक लावायची, "शाईचा पेन अजून मिळतो?" म्हणून नवल करायची आणि रिफिलचं पाकीट घेऊन जायची. कपाटाची किल्ली दुकानदाराच्या खिशात असायची, आणि ती कुठल्या खिशात ते त्यालाही शोधावं लागायचं.

मग एक दिवस शिवणवाली आली. गल्लीत तिला सगळे याच नावाने ओळखतात. कडेवर तिची पाच वर्षांची लेक चिमणी, गळ्यात काढायची विसरलेली टेप. ओळखीच्या एका मुलीला भेट काय द्यावी हेच तिला सुचत नव्हतं. पर्स बघितली, नको म्हणाली. कानातले बघितले, ते पसंत पडले की नाही हे पोरगी तोंडावर सांगणार नाही, म्हणून ठेवले. दुकानदाराने वैतागून विचारलं, ती मुलगी तुमची कोण? तेव्हा तिने जे सांगितलं त्यावरून मला सगळं ठाऊक झालं.

मुलगी ज्यू होती. बारा वर्षं पूर्ण झाली की त्यांच्यात मुलगी मोठी धरतात, त्याचा समारंभ करतात, त्याला बात मित्झ्वा म्हणतात. त्या दिवसापासून धर्माचे नियम तिचे तिने पाळायचे, चुकली तर बोल तिलाच. समारंभाचा फ्रॉक शिवणवालीकडे शिवायला होता. माप द्यायला मुलगी स्टुलावर उभी राहायची आणि पाठ केलेलं पुटपुटायची. "बारा वर्षांची मोठी!" शिवणवाली दुकानदाराला म्हणाली. "मी सत्तावीस वर्षांची, अजून माझी आई मला रस्ता ओलांडताना हात धर म्हणते."

शिवणवाली सातवीपर्यंत शिकलेली. मापं लिहिताना तिचा हात अडायचा. ते बघून एक दिवस त्या मुलीने वही ओढून घेतली आणि छाती, कंबर, बाही असं सगळं ओळीने लिहून दिलं. अक्षर असं, की गिऱ्हाईक आलं की शिवणवाली ती वही मुद्दाम उघडी ठेवायची. हे सांगता सांगता तिची नजर काचेवर गेली. माझ्यावर.

"हा काढा," ती म्हणाली.

दुकानदाराने तीन खिसे चाचपले. कपाट उघडलं. शाई भरून देऊ का, त्याने विचारलं. ती म्हणाली, "द्या भरून. पोरीला तिथल्या तिथे लिहिता आलं पाहिजे." त्या वाक्याने मी हुरळून गेलो. पुढे तेच वाक्य नडलं.

शनिवारी जेवणाआधी सगळे त्यांच्या घरी जमले. मुलीने फ्रॉकमध्ये उभं राहून न अडखळता चार शब्द बोलून दाखवले. शिवणवालीचं लक्ष मात्र बाहीच्या टाक्याकडे. मग ती पुढे झाली. डबी उघडली, टोपण काढलं, पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "लिहून बघ ना. तुझं नाव लिही," ती सगळ्यांदेखत म्हणाली.

मुलीचा हात वर आला. मला त्याची ऊब लागली. आणि तो हात अर्ध्यावर थांबून पाठीमागे गेला.

"काकू, आज नाही लिहीत मी," ती हळू म्हणाली. "आज शनिवार."

शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत त्यांचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ. त्यात लिहायचं नाही, पेनाला हातही लावायचा नाही. हे शिवणवालीला कोण सांगणार? मला तिच्या हातातून कुणीच घेईना. शेवटी तिनेच टोपण लावलं आणि मला कागदासकट फळीवर ठेवलं.

मुलीची आजी हसून म्हणाली, "वर्षभर शिकवणी झाली हिची, पण परीक्षा घेतली ती तुम्ही. पास झाली बघा."

आजीने कौतुकानेच म्हटलं होतं. शिवणवालीला तो टोमणा वाटला. चिमणीला ताप आहे असं काहीतरी सांगून, चांगल्या खेळणाऱ्या पोरीला ओढत ती न जेवता निघून गेली. पोरगी जिन्यात विचारत होती, "मला ताप कधी आला?"

संध्याकाळी मुलगी खिडकीला चिकटून होती. एक तारा, दुसरा, आणि बऱ्याच वेळाने समोरच्या टाकीवर तिसरा. तिने मला धावत येऊन उचललं. त्याच घडी घातलेल्या कागदावर मी पहिल्यांदा चाललो:

"काकू, तीन तारे दिसले. पहिलं वाक्य तुम्हाला. माझा हात लिहायला निघाला होता, तुम्ही बघितलाच. तो मी थांबवला, आईने नाही. मी मोठी झाले हे मला तेव्हा कळलं. तुम्ही जेवायला थांबायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घेऊन शिवणवालीच्या दारात गेली. मी तिच्या खिशात होतो. आत मशीन चालू होतं. कडी वाजली तसं ते थांबलं. चिमणीने दार फटीएवढं उघडलं आणि सांगितलं, "आई म्हणतेय ती घरी नाही."

मुलगी हसली नाही. काकू रागावल्यात, एवढंच तिला समजलं. घरी येऊन तिने चिठ्ठी घडी करून डबीत घातली, वर मला ठेवलं. आईने विचारलं, वापरत का नाहीस गं? "आधी ही पोचू दे, मग दुसरं लिहीन," असं म्हणून तिने डबी खणात लोटली.

तीन आठवडे झाले. शिवणवालीला वाटतं, आपण भर घरात लाज घालवली. मुलीला वाटतं, आपण काकूंचं मन मोडलं. दोघींच्या मधे मी, अंधारात, घशात शाई सुकत चाललेली. दुकानात निदान समोर रस्ता तरी दिसायचा.

तुम्ही कधी फ्रॉकची दुमड घालून घ्यायला, चेन बदलायला एखाद्या शिवणवालीकडे गेलात, आणि तिथे सुरेख अक्षरातली मापांची वही उघडी दिसली, पुढचा दात पडलेली एक पोर दारात उभी दिसली, तर ओळखा, हीच ती. तिला माझा निरोप द्या. म्हणावं, टोमणा नव्हता तो. तिला सांगा की तिसरा तारा दिसल्या दिसल्या त्या मुलीने तिलाच लिहिलंय, आणि पुढच्या वेळी कडी वाजली तर म्हणावं, घरी अस.