विहिरीभोवती खैराचे खांब

गंजाड गावात झिपरूच्या शेतात एक बिनकठड्याची विहीर होती. पावसाळा सरत आला होता, भात कापणीला यायचं होतं. त्या दिवसांत त्याची बायको जिजा पाणी भरायला गेली आणि काठाची माती तिच्या पायाखालून सुटली. पडताना तिचा हात दगडावर आपटून मोडला. दुसऱ्या हाताने तिने कपारीत उगवलेल्या उंबराची मुळी धरून ठेवली. तिची हाक ऐकून झिपरू बांधावरून धावत आला, दोराला धरून खाली उतरला आणि तिला वर घेऊन आला.

पुढे प्लास्टर निघालं, हात चालू लागला. पण जिजा त्या बाजूला फिरकेना. पाणी ती लांबच्या हातपंपावरून आणू लागली.

झिपरूने विहिरीला कुंपण घालायचं ठरवलं. मागच्या वादळात शेतातला एक खैर पडला होता. वनखात्याचा माणूस येऊन बघून गेला, घरच्या कामासाठी परवानगी मिळाली, तेव्हा त्याने करवत लावून खांब कापले. साल सोलली. सालीखालचं पांढरं लाकूड वाकसाने तासून टाकलं, कारण वाळवी आधी त्यालाच लागते. आतला लाल गाभा तेवढा ठेवला. कापलेल्या तोंडांना चिरा जाऊ नयेत म्हणून शेण लिंपलं आणि मधे फटी ठेवून खांब मांडवात रचले.

मग ते तिथेच पडून राहिले. थंडी आली आणि गेली. झिपरू अधूनमधून एखादा खांब उचलून बघायचा आणि परत ठेवायचा. जिजाला त्याचा राग येऊ लागला. शेजारच्या सुनिताला ती म्हणाली की या माणसाला माझ्यापेक्षा लाकडाची काळजी जास्त आहे. सुनिताने ते झिपरूच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी त्याने बोरीच्या काट्या ओढत आणून विहिरीभोवती टाकल्या. खांबांना मात्र हात लावला नाही.

चैत्रात, विवळवेढ्याच्या जत्रेच्या सुमाराला त्याने खड्डे खणायला घेतले. वाळवी लागू नये म्हणून खांबांची जमिनीत जाणारी टोकं जाळावर काळी होईपर्यंत भाजली. सुनिताचा नवरा धर्मेश चारोटीच्या गॅरेजमधून जळकं ऑइल घेऊन आला होता. पिण्याचं पाणी आहे म्हणून झिपरूने ते लावलं नाही.

खांब सरळ धरायला दुसरं माणूस लागणार होतं आणि धर्मेश कामावर गेला होता. झिपरू घरी आला.

"थोडा वेळ येशील?" त्याने विचारलं.

जिजाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि ती उठली. विहिरीकडे पाठ करून तिने पहिला खांब दोन्ही हातांनी धरला. झिपरू खड्ड्यात दगड आणि मुरूम टाकून पहारीने ठोकू लागला. ठोका बसला की तिच्या हाताला झिणझिण्या येत होत्या. काही खांब उभे राहिल्यावर तिने विचारलं, "एवढे महिने का लावलेस?"

"ओलं लाकूड वाळताना आकसतं. खड्ड्यात सैल पडतं," झिपरू म्हणाला. "तू टेकलीस आणि खांब हलला, तर?"

पुढचा खांब तो सांगायच्या आधीच जिजाने उचलून आणला.

मग खांबांवर आडवे बांबू बांधले, फाटक बसवलं. एका संध्याकाळी जिजा एकटीच तिथे गेली. खांबाला हाताने रेटून पाहिलं, मग अंगाचा भार टाकून पाहिलं. खांब हलला नाही. कुंपणाबाहेर उभं राहून तिने आतलं पाणी पाहिलं.

त्यानंतर हातपंपाची पायपीट थांबली. झिपरू आत जाऊन पाणी शेंदायचा आणि ती फाटकाशी हंडा घ्यायला उभी असायची. पुढचा पावसाळा असाच गेला. स्वतः कधी शेंदणार, असं सुनिताने एकदा विचारलं.

"अजून नाही," जिजा म्हणाली आणि हंडा डोक्यावर घेऊन चालू लागली.