कुसाबाईंच्या अंगठ्यावर ठेवलेली नियमावली

मी बोलतेय ती कबुली द्यायला. मोठी धरणं कशी बांधावीत, याची आंतरराष्ट्रीय नियमावली म्हणजे मी. नाशिकच्या एका सल्लागार कंपनीच्या कपाटात राहते.

माझा जन्म परदेशातला. इंजिनियर, बँकवाले आणि धरणांनी उठवलेली माणसं दोन वर्षं भांडली, तेव्हा कुठे माझ्या एक्केचाळिसाव्या पानावर लिहिलं गेलं: ज्यांची जमीन बुडणार, त्यांना त्यांच्या भाषेत सगळं समजावून सांगा, ते नाही म्हणाले, तर थांबा. या वाक्याचा मला फार गर्व होता.

चार वर्षांपूर्वी मला पेठकडच्या एका पाड्यावर जनसुनावणीला नेलं. वारा सुटला होता, म्हणून कंपनीच्या योगेशसाहेबांनी मला हजेरीच्या कागदावर वजन म्हणून ठेवलं. लोक येऊन अंगठा उठवत होते.

म्हाताऱ्या कुसाबाईंनीही उठवला. त्यांचं घर आणि उतारावरची नागलीची जमीन धरणात जाणार होती. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"सायब, ह्या बुकात काय हाय?"

"आजी, सगळं तुमच्या भल्याचंच आहे."

"मंग वाचा की. आमी काय पळून चाललो नाय."

"इंग्रजीत आहे ते."

"आन तुमी शिकलेलं ना? का नुसतं मिरवाया आणलं?" मांडव हसला. "नाय म्हनायचं कुठं लिवलंय, तेवढंच दाखवा."

"नंतर बघू. चहा घ्या."

ते पान माझ्याच पोटात होतं. कुणी उघडलं नाही.

ऑफिसात परतल्यावर योगेशसाहेबांनी हजेरीच्या कागदावर, वरच्या मोकळ्या जागेत, एक ओळ लिहिली: 'आम्हाला धरण मान्य आहे.' अहवालात छापलं, सुनावणी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार झाली. पुरावा म्हणून टेबलावरचा माझा फोटो. धरणाला कर्ज देणाऱ्या परदेशी बँकेने तो पाहिला आणि मान डोलावली.

खोटं त्यांनी लिहिलं, पण ते खरं वाटलं माझ्यामुळे. मी तिथे नसते, तर निदान एखाद्याला शंका आली असती.

यंदा पाणी अडवलं. कुसाबाई आता पत्र्याच्या वसाहतीत राहतात आणि नागली विकत आणतात.

परवा मला सुरगाण्याकडे नेणार आहेत. तिथेही धरण व्हायचंय. तिथल्या बायाबापड्यांनो, मी टेबलावर दिसले म्हणून कागदाला हात लावू नका. आधी साहेबांना मला तुमच्या बोलीत वाचून दाखवायला लावा. साहेब टाळाटाळ करू लागले, तर सगळेच्या सगळे उठून घरी जा. रिकाम्या मांडवाचा फोटो कुठल्याच बँकेला चालत नाही.